रिकामी जागा

संध्याकाळी सुतारकामाचा कारखाना बंद करायच्या वेळी हत्यारं मोजताना एक पटाशी कमी भरली आणि सगळ्यांच्या नजरा आपसूक नव्या सुताराकडे वळल्या. चोरीपायी चार वर्षं तुरुंगात काढून, तिथेच सुतारकाम शिकून तो महिन्यापूर्वी इथे कामाला लागला होता. त्याने मान खाली घातली नाही. दाराला आतून कडी घातली आणि तिथेच पाय रोवून उभा राहिला.

"पटाशी मिळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. आधी माझी झडती घ्या."

"चोराच्या उलट्या बोंबा," कुणीतरी पुटपुटलं.

पाऊण तासाने पटाशी सापडली ती मालकांच्या टेबलात. अडकलेला खण उचकटायला दुपारी त्यांनीच नेली होती.

दुसऱ्या दिवशी सुताराने रंगाचा डबा आणला. भिंतीवर खिळे ठोकून हत्यारं टांगली आणि तुरुंगात असायची तशी, प्रत्येक हत्यारामागे त्याची आकृती रंगवली. हत्यार जागेवर नसलं की रिकामी आकृती लांबूनच डोळ्यांत भरावी.

मालक कमरेवर हात ठेवून बघत होते. "हा शेवटचा रिकामा खिळा कशाला?"

"जास्तीचा ठोकला गेला मालक. काढतो."

"राहू दे." मालकांनी खिशातून कारखान्याची किल्ली काढून त्या खिळ्याला अडकवली. "हिचीही आकृती काढ. आणि नीट ऐक, रोज संध्याकाळी सगळी हत्यारं जागेवर हवीत. फक्त ही जागा रिकामी दिसली पाहिजे. सकाळी तू उघडायचंस."