जाणाऱ्यांचा ढीग

नव्या आईचा कंगवा ढमीने उचलला, क्षणभर विचार केला आणि ‘जाणाऱ्यां’च्या ढिगात टाकला.

जमिनीवर दोन ढीग होते. एक घरात राहणाऱ्या वस्तूंचा: लाटणं, बाबांचा दाढीचा ब्रश, झाडू. दुसरा जाणाऱ्यांचा: शेजारणीची वाटी, मावशी विसरून गेलेली छत्री, गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले कपडे. आणि आता हा कंगवा. पोर चार वर्षांची, पण वाटणी अगदी चोख!

“माझा कंगवा तिकडे का गं?” शिलाई मशीन थांबवून नव्या आईने विचारलं.

“तू पाहुणी आहेस ना,” ढमी सहज म्हणाली. “कधी जाणार?”

नव्या आईच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. काय कमी केलं होतं तिने? नणंदेने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “सावत्र म्हणायला लोक टपलेलेच असतात. आवाज म्हणून चढवू नकोस.” तिने चढवला नव्हता. दूध सांडलं, असू दे हं. भिंत रंगवली, असू दे हं. तोंडात सदा साखर. आणि पोरगी विचारते, कधी जाणार!

मान खाली घालून ती सुईत दोरा ओवू लागली. डोळे भरलेले, दोरा कुठला जातोय!

तेवढ्यात ढमीने टेबलावरचा गिऱ्हाइकाचा पडदा ओढला. तोही जाणाऱ्यांच्या ढिगात न्यायचा होता. पडद्यावरची मोठी कात्री निसटली आणि तिच्या पावलाला चाटून खाली आपटली.

“ढमेऽ! डोळे आहेत की बटणं? पाय कापला असता म्हणजे! बस तिथेच, हललीस तर बघ!”

आपलाच आवाज ऐकून नवी आई गार पडली. ढमीने भोकाड पसरलं. झालं! वर्षभराचं केलंसवरलं सगळं पाण्यात. कात्री उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि पोटभर रडली.

डोळे पुसून बाहेर आली, तर ढमी मुसमुसत तिथेच बसली होती. जागची हलली नव्हती. पण हात लांब करून तिने कंगवा उचलला होता आणि तो लाटण्याशेजारी नीट ठेवत होती.

“आता तो तिकडे का गं?” नव्या आईने धीर करून विचारलं.

ढमीने नाक ओढलं.

“तुझी चप्पल पण आण. पाहुणे ओरडत नाहीत.”