पाचव्या लेव्हलची जादू

"जिंकलीस तर पासपोर्ट देतो," वेदांग म्हणाला. "हरलीस तर रास अल खैमाचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. मंजूर?"

"मंजूर," शुभ्रा म्हणाली.

पाहुण्यांसमोर बायकोशी अशी पैज लावताना त्याला काडीचीही लाज वाटली नाही. उलट स्वारी खुशीत होती. शनिवारची दुपार होती. आखातातल्या एका शहरात, अल मजाज भागातल्या त्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर, फासे टाकून आपापलं पात्र चालवायच्या खेळातल्या किल्ल्याचा नकाशा पसरला होता आणि वेदांग गेम मास्टर होता. म्हणजे किल्ला त्याचा, राक्षस त्याचे आणि शेवटचा शब्दही त्याचाच. वेदांगला नियम फार प्रिय, विशेषतः दुसऱ्यांना लावायचे.

शुभ्राला रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात डिझायनरची नोकरी लागली होती, राहायच्या खोलीसकट. सोमवारी सकाळी मूळ पासपोर्ट घेऊन हजर व्हायचं होतं. पासपोर्ट बेडरूमच्या कपाटात कुलूपबंद होता. किल्ली वेदांगच्या ऑफिसच्या पँटमध्ये. तो बाहेर गेला की किल्लीही त्याच्याबरोबर जायची. तो घरात असला की पँट बेडरूमच्या दारामागे लटकायची, पण शुभ्रा तिकडे नुसती वळली तरी तो मागोमाग यायचा. आठ दिवस ती पासपोर्ट मागत होती आणि आठ दिवस तो बघू म्हणत होता.

खेळायला त्याच शहरातल्या रोल्ला भागातून मुनीर आणि सायरा आले होते. मुनीर मूळचा रत्नागिरीचा, वेदांगच्याच ऑफिसातला. सायराचं पात्र, एक वैद्यीण, पहिल्या अर्ध्या तासातच खड्ड्यात पडून बेशुद्ध झालं. वेदांग पोट धरून हसला. खेळातून बाद झालेली सायरा मग किरकिरणाऱ्या झाराला घेऊन बेडरूममध्ये गेली. त्यांची वर्षभराची पोर, कुशीत घेतल्याशिवाय झोपत नव्हती.

राहिली शुभ्रा. तिचं पात्र चोराचं. चार लेव्हल तिने चोरी करण्यात घालवल्या होत्या आणि आज पाचवी मिळाली होती. आता एक तर चोरीतच पुढे जायचं, नाही तर जोडीला जादू शिकायची. नकाशावर समोर लोखंडी दरवाजा होता. तो उघडला की ती जिंकली, पण त्याला कुलूपच नव्हतं, जादूशिवाय तो हलणं कठीण. चोराची सगळी कला तिथे फुकट. दरवाजा वेदांगने मुद्दाम तसा काढला होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

ती म्हणाली, पोथीवाली जादू शिकते. वेदांगने लगेच पोथी कुठून आणणार म्हणून विचारलं. तिच्याने एक यूट्यूब कोर्स पुरा होत नाही, ती मंत्र काय पाठ करणार, असंही वर ऐकवलं. मुनीरने मान डोलावली. चोराची बुद्धी पोथीला पुरत नाही, असा नियमच आहे म्हणाला आणि तो नियम त्याने चांगली दहा मिनिटं समजावून सांगितला.

मग रक्तातून येणारी जादू निघाली. वेदांगने शुभ्राच्या माहेरचा उद्धार केला. तिच्या वडिलांच्या रक्तात साखरेशिवाय काही नव्हतं म्हणे. वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिला पट उधळून द्यावासा वाटला, पण ती बसून राहिली.

मधेच वेदांग चार्जर आणायला बेडरूमकडे निघाला. मुनीरने मागून कसलासा चुकीचा नियम फेकला. चुकीचा नियम ऐकून गप्प बसणं वेदांगच्या रक्तात नव्हतं. तो परत आला, पुस्तक उघडलं आणि दोघांची चांगलीच जुंपली. भांडण संपलं ते शुभ्राला नावं ठेवण्यावर दोघांचं एकमत होऊन.

"वहिनी, सोपा रस्ता सांगू?" मुनीर म्हणाला. "करारवाली जादू घ्या. कुणाला तरी मालक माना, तो शक्ती देतो."

वेदांगचे डोळे चमकले. "मालक मी ठरवणार. आणि करार मोठ्याने म्हणायचा. मालकाला विचारल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही. म्हण."

या माणसाबरोबर सहा वर्षं काढली, याची शुभ्राला त्या क्षणी शिसारी आली. मुनीर खुशाल हसत होता. त्याच्या पोरीच्या बारशाला हिने रात्र जागून बिर्याणी केली होती.

"विचार करू दे," ती म्हणाली.

तिने खूप वेळ विचार केला. पुस्तक चाळलं, एकच गोष्ट तीनदा विचारली. मुनीर तीनदा चुकीचं बोलला आणि वेदांगने तीनदा त्याला दुरुस्त केलं. चार वाजत आले तेव्हा सायरा खांद्यावर झोपलेली झारा आणि हातात तिची दुपट्यांची पिशवी घेऊन बाहेर आली. पोर एकदाची झोपली, आता निघू या, असं ती दबक्या आवाजात म्हणाली.

शुभ्राने पुस्तक मिटलं. "मला जादू नको. माझी चोर आहे तशी बरी."

"मूर्ख आहेस," वेदांग म्हणाला.

तिने दरवाजा ढकलायला वीस बाजूंचा फासा टाकला. पंधरा हवे होते, तीन पडले.

"खलास," वेदांगने टाळी वाजवली. "सोमवारी त्यांना फोन करून नाही म्हणून सांग."

"हरले," शुभ्रा म्हणाली. तिने चपला घातल्या. "यांना खालपर्यंत सोडून येते."

"आल्यावर चहा टाक," तो पुस्तकातून मान वर न करता म्हणाला.

लिफ्टचं दार मिटलं तसा मुनीर भिंतीला टेकला. "वहिनी, ठरल्यापेक्षा फार बोललो, माफ करा. त्याला टेबलावरून उठू द्यायचं नव्हतं."

सायराने दुपट्यांखालून शुभ्राचा पासपोर्ट काढून तिच्या हातात ठेवला.