चार घरांचा वाळा

"स्टेजवर एकच जण जाणार," राजवीर म्हणाला. नव्या धंद्यांना गुंतवणूकदार मिळवून देणाऱ्या या मेळाव्याचा आयोजक तो, त्यामुळे नियमही त्याचेच.

"वाळा चार घरांत झालाय," सरुबाई म्हणाली. "एकीनं कसं सांगायचं?"

राजवीरनं नुजहतकडे पाहिलं. नुजहतनं नजर वर, मांडवाच्या कापडाकडे वळवली. पांढऱ्याशुभ्र कापडातून दुपारचं ऊन झिरपत होतं आणि खालचं सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं. शेवटच्या रांगेतली माणसं तर धुक्यात बसली होती. सकाळपासून तिला वाटत होतं, आपण अजून गावात, हुपरीत झोपलोय आणि कुणीतरी जोरात हाक मारली की हे सगळं जाईल.

मेळाव्याच्या पहिल्या वर्षी राजवीरनं आणि नुजहतनंच चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, कॉलेजात असताना. माणसं आली सतरा, त्यातली चार मांडववाल्याची. एकुलता एक गुंतवणूकदार आला, पोटभर जेवला आणि पांढरा रस्सा झकास झालाय एवढंच सांगून गेला. आता सहावं वर्ष. तीन हजार माणसं, बेंगळुरूचे, हैदराबादचे पाहुणे, गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे. हुपरीत आता याला पैशाची जत्रा म्हणतात, आणि जत्रेला जायचं तर सगळ्यांनी मिळूनच.

"तीन मिनिटं," राजवीर हरल्यासारखा म्हणाला. "जावा चौघी."

गेल्या. बोलणं आधीच वाटून घेतलं होतं, काम वाटून घेतात तसं. सरुबाईनं वाळा उंच धरला. "चांदीची तार मी वढतो. वळवतो, सांधा जोडतो. सांधा कुठं हाय ते दावा बघू." तिनं वाळा चिमणाबाईच्या हातात दिला. चिमणाबाई म्हणाली, "घुंगरं माझी. लेकरानं तोंडात घातला तरी निघायची न्हाईत." तिनं तो बेगमकडे दिला. बेगम म्हणजे नुजहतची आई, पॉलिशवाली. यांच्या हिशेबात एक काम म्हणजे एक घर, म्हणून मायलेकींची घरंही दोन. तिनं कड बोटानं चाचपली. "बाळाच्या पायाला कुठं बोचत न्हाय," एवढंच ती म्हणाली आणि वाळा लेकीला दिला.

नुजहतनं सांगितलं की आत नखाएवढी चिप आहे. बाळाचं अंग तापलं की आईचा मोबाइल वाजतो. रात्रभर कपाळाला हात लावत बसायला नको. बोलताना तिचा हात हलला, घुंगरू माइकजवळ वाजलं आणि तो इवलासा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. तीन हजार माणसं गप्प झाली. कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी दुपारी एखादं मूल वाळे वाजवत रांगत जावं आणि सगळ्यांनी कान द्यावा, तशी गप्प. वाळ्यावर घालवलेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा नुजहतला वाटलं की हे होणार.

पहिल्या रांगेतले पृथ्वीराज उठून स्टेजवर आले. मूळचे याच भागातले, मुंबईत पैसा केलेले, आता तो नव्या धंद्यांत घालणारे. त्यांनी वाळा हातात घेतला, सांधा शोधला. सापडला नाही.

"छान. किती पैसे पाहिजेत?"

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. हा भाग कुणाच्याच वाट्याला दिला नव्हता. पॉलिश झालं की हुपरीत घराचं काम संपतं, पुढे भाव व्यापारी सांगतो. चांदीचा दर टीव्हीवर कळतो, मजुरीचा त्याच्या तोंडून. इंजिनिअर झालेल्या नुजहतनं चिपचं सगळं आकडेमोडीसकट पाठ केलं होतं आणि हेच विसरली होती. सगळ्या जन्माची सवय, ती काय डिग्रीनं जाते? आज पैसे मिळाले नाहीत तर सोमवारी ती पुण्याला नोकरीवर रुजू होणार होती आणि या तिघी पुन्हा किलोच्या मजुरीवर. हे तिला स्पष्ट आठवत होतं.

"बघून द्या की, सायेब," सरुबाई म्हणाली. आयुष्यभर तेच म्हणत आली होती.

मांडवात हशा पिकला. पृथ्वीराजही हसले, मनापासून. "ऐंशी लाख देतो. कंपनीत निम्मा वाटा माझा."

सरुबाईची मान आपसूक हलायला लागली. चिमणाबाईचीही. ऐंशी लाख हा शब्दच मांडवातल्या उजेडासारखा होता, हाताला न लागणारा. नुजहतला कळत होतं की निम्मा वाटा म्हणजे वाळा गेला, डिझाईन गेलं, आपण पुन्हा मजूर. स्वप्नात ओरडताना आवाज निघत नाही तसं तिचं झालं.

"चार घरं हायत, पावणं," कुणीतरी म्हणालं.

बेगम होती. माइक तिच्याकडे नव्हता, पण तिला लागलाही नाही.

"तुमी आला तर पाच हुत्यात. पाचवा वाटा तुमचा. ऐंशी लाखच द्या, पर वाटा पाचवा."

"अम्मी," नुजहत पुटपुटली. बेगमनं तिच्याकडे पाहिलं नाही. पॉलिशनं काळी पडलेली बोटं तिनं ओढणीत घट्ट धरली होती.

पृथ्वीराज वाळा हातात फिरवत राहिले. हसू गेलं होतं.

"तुम्ही सगळ्या काहीतरी करता," शेवटी ते म्हणाले. "पाचव्या घरानं काम काय करायचं?"

बेगमनं क्षणभर विचार केला.

"व्यापाऱ्याच्या दारात भाव मागायला हुबं ऱ्हायचं," ती म्हणाली. "आमी लई वर्सं ऱ्हायलो."