ऐन भरात

पुस्तक लिहिणारे गृहस्थ चहा हातात येण्याआधीच मुद्द्यावर आले. चॅम्पियननं बॉक्सिंगची विजेतेपदं पुष्कळ जिंकली, त्याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो समोर कोण उभं होतं याचा. एक जण पोट सुटल्यावर पुन्हा रिंगमध्ये उतरलेला. दुसरा काविळीतून नुकता उठलेला. तिसरा खालच्या वजनगटातला, आयोजकांनी भरीला घालून वर आणलेला. लेखक एकेकाला पारखत होते. हरला तेव्हा हा माणूस ऐन भरात होता, की उतरणीला लागला होता?

"आता राहता राहिला एकच," ते म्हणाले आणि चॅम्पियनच्या बायकोकडे वळले. "तुमचा भाऊ."

ती चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. म्हातारपणीही त्याचे खांदे खुर्चीत मावत नव्हते.

"तिलाच विचारा," तो म्हणाला. "मी बोललो तर लोक म्हणतील, स्वतःचीच टिमकी वाजवतोय."

भाऊ तिच्याहून बराच लहान. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं आणि लग्नानंतरही तो तिच्याच घरी राहिला. भाऊजींच्या मागे मागे जिममध्ये जाऊ लागला आणि बघता बघता त्यांच्या तोडीचा झाला. शेवटी विजेतेपदासाठी मेहुणे-मेहुणेच समोरासमोर आले. लोकांना मोठी गंमत वाटली. घरातही चेष्टा चालायची. ताई, तू कोणाच्या बाजूनं, असं भाऊ विचारायचा आणि ती म्हणायची, जो भांडी घासेल त्याच्या. रिंगमध्ये उतरताना घालायचे दोघांचे गाऊन तिनं एकाच ताग्यातून शिवले.

पाचव्या फेरीत भाऊ पडला, तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही.

त्यानंतर नवऱ्यानं तिला फुलासारखं जपलं. भावाचा मोठा फोटो करून समोरच्या भिंतीवर लावला. कोणी मुलाखतीला आलं की त्याचं एकच म्हणणं असायचं: बाकीच्यांचं सोडा, माझ्या तोडीचा एकच भेटला, आणि तो घरचाच निघाला. एवढं बोलताना त्याचा आवाज दर वेळी भरून यायचा.

लेखकांनी त्या लढतीचं जुनं चित्रीकरण पाहिलं होतं. शेवटच्या फेरीतले सगळे ठोसे भावाच्या डाव्या बाजूलाच बसलेत, असं ते म्हणाले.

चॅम्पियननं उजवी मूठ वर केली. "हिच्यावर तर जन्म काढला."

लेखक हसले. मग त्यांनी सांगितलं की भावाचा सराव घेणारा म्हातारा त्यांना भेटला होता. शेवटी शेवटी पोरगा सरावातही डावीकडून मार खायचा, असं तो म्हणाला. थकला होता की आजारी होता, हे काही त्याला सांगता येईना.

"तुम्ही एका घरात राहत होता," ते तिला म्हणाले. "तुम्हाला काही जाणवलं होतं?"

जाणवलं होतं कसलं, तिला सगळं ठाऊक होतं. लढतीच्या आधी काही दिवस भाऊ पाणी पेल्याबाहेर ओतायला लागला. चालताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा. तिनं खनपटीला बसून विचारलं, तेव्हा कुठे कबूल झाला. डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं. लढत झाली की डॉक्टरला दाखवतो म्हणाला, आणि भाऊजींना सांगायचं नाही, अशी तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. भाऊजी लढायला नकार देतील. मग लोक म्हणतील, बहिणीच्या पदराआड लपला.

तिनं ती शपथ पाळली. तो सल तिच्या मनातून कधी गेला नाही. आपण एक शब्द बोललो असतो, तर नवऱ्यानं तिथल्या तिथे ग्लोव्हज उतरवून ठेवले असते. भाऊ ठोशानं नाही, आपल्या मुकेपणानं गेला, असंच ती धरून चालली होती. लग्नाच्या नवऱ्यापासून तिनं एवढी एकच गोष्ट लपवली. न दिसणाऱ्या पोरावर आपण हात चालवला हे कळलं, तर हा माणूस उभ्या उभ्या मोडून पडेल, अशी तिला धास्ती होती.

भाऊ तर गेलाच होता. जो उरला होता त्याला तरी सांभाळायला हवं होतं.

"नाही," ती म्हणाली. "काही झालं नव्हतं त्याला. ऐन भरात होता."

लेखकांनी समाधानानं मान हलवली. मग प्रश्नच मिटला, म्हणाले. ही एक लढत बाकीच्या सगळ्यांना पुरून उरते, असंच ते लिहिणार होते. निघताना त्यांनी चॅम्पियनचा हात दोन्ही हातांत धरला.

ती कप गोळा करू लागली. छातीवरचा दगड थोडा सरकल्यासारखा वाटत होता. नवऱ्यानं अर्धा कप चहा आणखी मागितला. तिनं तो आणून दिला.

फुंकर घालत तो म्हणाला, "डोळ्याचं बोलली नाहीस, बरं केलंस."

ती ट्रे धरून तशीच उभी राहिली. "कुठल्या डोळ्याचं?"

"डाव्या. आणखी कुठल्या?"

तुम्हाला हे कोणी सांगितलं, असं तिनं विचारलं.

"त्यानंच. लढतीच्या आदल्या दिवशी जिममध्ये आला होता. म्हणाला, भाऊजी, त्या बाजूनं काही दिसत नाही, जरा सांभाळून घ्या." त्यानं चहा संपवला आणि कप तिच्या ट्रेमध्ये ठेवला. "आणि म्हणाला, डोळ्याचं ताईला ठाऊक आहे, पण मी येऊन गेलो हे तिला कळू देऊ नका. तेवढा शब्द मात्र मी पाळला."