अंगणातला नीरफणस

ती बाई आज पुन्हा नीरफणसाखाली उभी होती. हात बुंध्यावर, नजर वर फांद्यांत.

जॉयलिननं खिडकीतून पाहिलं आणि डेरॉनला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. पोराला दात येत होते. जे बोट सापडेल ते चावायचं.

"कोण आहे गं बाहेर?" आजीनं खाटेवरून विचारलं. आजीला आता उजेड कुठला आणि अंधार कुठला, एवढंच कळायचं.

"कोणी नाही. कथबर्टची शेळी आलीय."

"मर्लच्या झाडाला तोंड लावू देऊ नकोस."

"नाही देत."

मर्ल म्हणजे आजीच्या थोरल्या मुलाची लेक. बाप गेल्यावर आईनं तिला विलायतेला नेलं, तेव्हा ती नुकती धावायला लागली होती. पण तिची नाळ त्या झाडाखाली होती, आणि कॅरियाकू बेटावर जिथं नाळ तिथं हिस्सा. हिस्सा असलेलं एक जरी माणूस समोर येऊन नाही म्हणालं, तर वीतभर जमीन विकता येत नाही. जॉयलिनच्या नाळेवरचा नारळ टाकीजवळ होता. डेरॉनची नाळ मात्र अजून पावडरच्या डबीतच होती.

"नवरा न्यूयॉर्कात, नाळ डबीत," दुकानवाली सिल्मा टोमणा मारायची. "पोरगं उद्या विचारेल, मी कुठला म्हणून."

"पाऊस पडू दे गं. जमीन दगड झालीय."

ती बाई सिल्माच्याच दुकानावरच्या खोलीत उतरली होती. मिसेस हॅलम म्हणे. दिवसभर गावात फिरायची. कोण मासे खारवतंय, कोण मका कांडतंय, कुठली पायवाट कुठं जाते, सगळं बघत बसायची. विचारायची थोडं, ऐकायची फार.

एका तिन्हीसांजेला ती थेट घरी आली. उंबऱ्याशी थांबली, पाठ फिरवली आणि उलट्या पावलांनी आत आली.

जॉयलिन तिच्याकडे बघतच राहिली. मग बाहेर ओसरीवर घेऊन गेली आणि दार ओढून घेतलं.

"मला आजींना भेटायचंय," बाई हळूच म्हणाली. "एकदाच."

"आजी अनोळखी माणसाला घाबरते."

"अनोळखी," बाई म्हणाली. मग बराच वेळ ओसरीवर त्या दोघीच कुजबुजत होत्या. डेरॉन रडायला लागला तेव्हा जॉयलिन उठली. "विचारते तिला. उद्या सांगते."

आत आजी उठून बसली होती. "कोण होतं? पाऊल ओळखीचं वाटलं."

"सिल्मा होती. झोप तू."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात डॉमिनोचा डाव अर्ध्यात थांबला होता. दोन वर्षं एक हॉटेलवाली कंपनी या किनाऱ्याच्या मागे होती. आजीची जमीन गेली, की होड्या बांधायची वाळू गेली, थडगी गेली, गावाचा समुद्रच गेला.

"रंग तर आपलाच आहे तिचा," होड्या बांधणारा कथबर्ट म्हणाला.

"कंपन्या हल्ली आपल्याच रंगाची माणसं पाठवतात," सिल्मा म्हणाली. "बोली ऐक ना तिची. एकेक शब्द इस्त्री करून काढते."

"मला विचारत होती, होडी पाण्यात सोडताना तुम्ही अजून बकरा कापता का. म्हटलं, कापतो. बकरा नाही मिळाला तर पाहुणा चालतो."

सगळे हसले. जॉयलिन हसली नाही.

"काल आमच्या अंगणात होती," ती म्हणाली. "उलटी चालत पावलं मोजत होती. झाडापासून दारापर्यंत."

हसणं थांबलं.

"आणि विचारत काय होती? कुठलं झाड कुणाचं. म्हातारीला एकटीला गाठायचं म्हणत होती."

"असं आहे होय," कथबर्ट उठला. "उद्याच्या बोटीनं जाईल ती. बॅग मी उचलतो."

जॉयलिन घरी आली तेव्हा दिवस बुडाला होता. बाहेरचं काही पाठोपाठ आत येऊ नये म्हणून, डेरॉनला छातीशी धरून, पाठमोरी होऊन ती उलट्या पावलांनी घरात शिरली. या बेटावर लहानपणापासून सगळे तसेच शिरतात.

सकाळी सिल्मानं खोली रिकामी करायला सांगितली. कथबर्टनं बॅग धक्क्यावर नेऊन आपटली आणि हाताची घडी घालून दूर उभा राहिला. बाई मात्र जॉयलिनचीच वाट बघत होती.

"विचारलंस?"

"विचारलं."

"माझं नाव सांगितलंस तिला?"

"सांगितलं. म्हणाली, गेलेली माणसं गेलेलीच बरी."

बाईनं मान खाली घातली. डेरॉननं तिचं बोट पकडलं आणि करकचून चावलं. ती हसली. हसता हसता डोळे पुसले. मग तिनं आपल्या पिशवीतून लोकरीचं टोपडं काढून त्याच्या डोक्यावर चढवलं. या उकाड्यात.

"याची नाळ माझ्या झाडाशेजारी पूर," ती म्हणाली. "जागा आहे तिथं."

"बरं," जॉयलिन म्हणाली.

बोट टेकाडाआड जाईपर्यंत जॉयलिन धक्क्यावरून हलली नाही.

"गाव वाचवलंस गं पोरी," कथबर्ट म्हणाला.

घरी आल्यावर तिनं डेरॉनच्या डोक्यावरचं टोपडं काढलं.

"मर्लच्या झाडाला पाणी घातलंस?" आजीनं विचारलं.

"घातलं."

डेरॉन झोपला होता. जॉयलिननं खाटेखालची बॅग पुढं ओढली, पावडरची डबी त्याच्या कपड्यांच्या मधोमध नीट ठेवली आणि फोन लावला.

"हो, गेली. पुन्हा नाही यायची," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आजी मी सांगेन तिथं अंगठा देते. हॉटेलचे कागद घेऊन या उद्या."