मुंगसांच्या चालीरीती

मसाका गावातल्या नाल्वांगा या मुलीला शाळेतून गृहपाठ मिळाला: प्राण्यांची एक जमात मनानं रचा आणि तिच्या चालीरीती लिहा. तिनं मुंगसं निवडली आणि मनातलं सगळं त्यांच्या गळ्यात घातलं. मुंगसांत म्हणे मुली तिच्यासारख्या मोठ्यांपुढे गुडघे टेकत नाहीत, उलट बापच टेकतात! आणि कोंबडीचा पेटा, म्हणजे पोटातला तो चिवट, चविष्ट मांसल तुकडा, नाल्वांगाच्या घरासारखा बाबांच्याच ताटात जात नाही. कोंबडीला जी पकडते, पेटा तिचा.

रविवारी जेवणाआधी तिनं हे सगळं बाबांना खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. आई चुलीपाशी कान देऊन ऐकत होती. त्या दिवशीची कोंबडी नाल्वांगानंच पकडली होती, कोपर फोडून घेऊन, आणि चौदा वर्षांत पेट्याची चव काही तिला कळली नव्हती.

बाबा हसून हसून चटईवर आडवे झाले. "काय आगाऊ मुंगसं आहेत गं तुझी!"

"पण बाबा, न्याय बरोबर आहे की नाही?"

"आहे बाई, आहे! चल, आज आपण मुंगसं. अगं ए, दे तिला पेटा."

नाल्वांगानं लगेच ताट पुढे केलं. आईनं केळीच्या पानाचं वाफाळतं पुडकं सोडलं. रस्सा होता, तंगड्या होत्या, पेटा कुठेच नव्हता.

"मुंगसांत रांधणारीला काय मिळतं," आई तोंडातलं सावकाश चघळत म्हणाली, "ते लिहायचं राहिलंच की गं तुझं."