आकाईचा हात

फटका थेट नाकावर बसला. पेई-जुनच्या हातातली पेजेची वाटी उडून भिंतीवर आपटली आणि नाकातून रक्ताची धार लागली. मागोमाग पोटात लाथ. मग पलंगावरच्या लेकाचं, आकाईचं, डोकं मागे फेकलं गेलं आणि पलंगाच्या कठड्यावर धाडकन आदळलं. रक्त पुसायच्या आधी तिनं आपला तळहात त्याच्या डोक्याखाली घातला. पुढचा दणका तिच्या बोटांवर बसला.

"मेलं रोजचंच झालंय हे," म्हणत सासू फडकं घेऊन धावली. तिला घरात सगळे आमा म्हणत. "आधी लेकरू कसं गरीब गाईसारखं पडून असायचं! तुम्ही पडलात शिकलेली माणसं. कवटीला भोकं पाडलीत आणि आत काय घातलंत, तर विषाणू! घ्या आता."

"आमा, तो रोगाचा विषाणू नाही हो. त्यातलं वाईट सगळं काढून टाकलेलं असतं. तो नुसता हमाल. ओझं पोचवलं की त्याचं काम संपलं."

"मग त्या हमालानं भूत आणून टाकलंय."

गरीब गाय म्हणे! आमा सोयीचं तेवढं लक्षात ठेवायची. आकाई साडेतीन वर्षांचा. जन्मापासून त्यानं मान धरली नव्हती की एक बोट हलवलं नव्हतं. एक जनुक बिघडलेलं, त्यामुळे मेंदूत हालचालीचं रसायन तयारच होत नव्हतं. दर दोन-तीन दिवसांनी डोळे वर चढायचे, अंग ताठ व्हायचं, आणि पोर तासन् तास तसंच तडफडायचं. शेवटी तैपेईच्या डॉक्टर औयांगबाईंनी विषाणूच्या पाठीवर चांगलं जनुक लादून ते थेट त्याच्या मेंदूच्या पेशींत सोडलं. महिन्याभरात रसायन बनायला लागलं. पण इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या मेंदूला ते झेपेना. हातपाय सुटले. झोप सोडली तर दिवसभर लाथा, बुक्क्या आणि चावे.

"हे होणारच," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "ही झिंग आहे, उतरेल. हे हात तो हलवत नाही, ते आपोआप हलतात. मला एकच हालचाल बघायचीय, त्यानं स्वतः ठरवून केलेली. ती दिसली की आपण जिंकलो. सहा महिन्यांत नाही दिसली, तर..."

चौथा महिना सरत आला होता. पेई-जुनचा एक डोळा काळानिळा, दंडावर दातांचे वण. नवरा स्क्रूच्या कारखान्यात कामाला. शेजारपाजारचे त्याच्याकडेच संशयानं बघायला लागले. भाजीबाजारात एका बाईनं तिला बाजूला घेऊन विचारलं, "घरी कोणी मारतं का गं?"

"मारतो ना," पेई-जुन म्हणाली. "साडेतीन वर्षांचा आहे."

बाई हसली नाही. आमानं आकाईचा सदरा देवळात नेला, त्याच्या मनातली भीती उतरावी म्हणून उदबत्त्यांवरून ओवाळून आणला, कॉलरवर देवाचा लाल शिक्का मारून आणला. काडीचा फरक पडला नाही. सदरा तेवढा चावून फाटला.

आज बुधवार. दर बुधवारी चार वाजता डॉक्टर फोनवर त्याला बघायच्या. त्याआधी पोटात दोन घास जावेत म्हणून पेई-जुननं पुन्हा पेज केली. दुसऱ्याच घासाला आकाईनं तिचा अंगठा दातांत धरला. सोडेचना. ती किंचाळली, दुसऱ्या हातानं जबडा उघडायला बघत राहिली, रक्त त्याच्या हनुवटीवरून ओघळायला लागलं. तेवढ्यात त्याची मूठ तिच्या सुजलेल्या नाकावर बसली.

तिचं डोकंच फिरलं. अंगठा हिसडून काढला आणि तिनं त्याच्या खाडकन थोबाडीत मारली. होती नव्हती ती सगळी ताकद लावून. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. नुसता राग असता तर गोष्ट वेगळी. त्या क्षणी तिला पोटच्या पोराचा तिटकारा आला होता, आत्ता मेला तरी चालेल इतका. तिनं पुन्हा हात उगारला.

दुसरी थप्पड पडलीच नाही. ती मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. आमा दारात उभी राहून सगळं बघत होती.

फोन वाजला. आमानं नातवाचं तोंड घाईघाईनं पुसलं आणि फोन सोयासॉसच्या बाटलीला टेकवून उभा केला.

"गालावर काय ते?" डॉक्टर म्हणाल्या. "बोटं उठलीत की."

"डास बसला होता," आमा म्हणाली. "मी मारला. माझा हात जड आहे जरा."

पेई-जुन सासूकडे बघतच राहिली. चार महिने टोमणे मारून जीव नकोसा करणारी ही बाई तिच्यासाठी डॉक्टरांशी धडधडीत खोटं बोलत होती.

"बरं. आणि नवीन काही?"

पेई-जुन रक्ताळलेला अंगठा मुठीत दाबून फोनसमोर सरकली. आमा पलीकडून हातवारे करत होती, गप बस, गप बस.

"डास नव्हता, डॉक्टर. मी मारलं त्याला," ती म्हणाली. "आणि आज त्यानं हात वर केला. स्वतः, ठरवून. एवढासासुद्धा थरथरला नाही."

डॉक्टर खुर्चीतून उठल्याच. "काय सांगता! कशासाठी? खेळणं धरायला? तुमच्याकडे यायला?"

"नाही," पेई-जुन म्हणाली. "मी दुसरी मारणार होते. त्यानं तोंड झाकून घेतलं."